पिशवीतलं सोंग

आज दुपारी गणपतीच्या मखरासाठी सोनेरी कागद आणि रिबीन आणायला गेले होते. रिबीन आणली, कागद तिथेच राहिला. डोकं इतकं तापलं होतं. अजून उतरलेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

दुकानात अर्धी जागा हॅलोविनच्या, म्हणजे मुलं सोंगं घेऊन दारोदार गोळ्या मागतात त्या इथल्या सणाच्या, सामानाने भरलेली. तयार पोशाखांच्या रांगेसमोर एक आई आणि तिचा सहा-सात वर्षांचा मुलगा. मराठी कानावर आलं आणि माझे पाय थांबले, इतकी वर्षं न्यू जर्सीत, एडिसनला राहूनही थांबतातच. मुलगा म्हणत होता, "आई, मला वॉशिंग मशीन व्हायचंय." आई म्हणाली, "वॉशिंग मशीन? वेड लागलंय का तुला? लोक हसतील. हा स्पायडरमॅन घे, किती छान आहे बघ." तो म्हणाला, "पण त्यात कपडे गोल गोल फिरतात ना, मी पोटात मोजे लावणार…" "गप बस आता. ३० डॉलरचा आहे हा."

पोरगं गप बसलं. कार्टच्या दांडीवर कपाळ टेकवून उभं राहिलं.

पोटात मोजे लावणार! सगळा विचार करून ठेवला होता हो त्याने. त्याला फक्त एक खोका हवा होता.

'लोक हसतील.' सहा वर्षांच्या मुलाला आपण हे शिकवायचं? आपल्या आयांनी आपल्याला हे ऐकवलं, आपण आयुष्यभर त्याचं ओझं वाहिलं, साता समुद्रापार आलो आणि आता तेच पुढे द्यायचं? मला संताप येतो. आणि तो आणखी यासाठी येतो, की त्या क्षणी मी पुढे होऊन एक शब्द बोलले नाही. रिबिनीचं रीळ हातात धरून नुसती उभी राहिले.

माझा लेक २०१२ साली सहा वर्षांचा होता आणि त्याला एसटी व्हायचं होतं.

हो, एसटी. आपला लाल डबा. त्या उन्हाळ्यात तो दीड महिना सांगलीला राहून आला होता. रोज संध्याकाळी आजोबांचं बोट धरून स्टँडवर जायचं आणि गाड्या बघत बसायचं, एवढाच कार्यक्रम. गाडी फलाटावरून मागे घेताना कंडक्टर शिट्टी मारतो, ती शिट्टी तो इथे येऊनही मारत होता. आमची गाडी गॅरेजमधून मागे निघाली की हा दारात उभा राहून, 'येऊ द्या, येऊ द्या.' तर हॅलोविनला काय व्हायचं, यावर त्याच्याकडे दुसरं उत्तरच नव्हतं. खरं सांगते, माझ्याही तोंडावर आलं होतं, 'अरे, इथे कुणाला कळणार?' नवऱ्याने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि शेजारी नवा फ्रीज आला होता, त्याचा खोका मागून आणला.

त्यावर किती संध्याकाळी गेल्या सांगू? खिडक्या कापल्या. कागदी थाळ्या काळ्या रंगवून चाकं केली. दाबल्यावर लागणारे बॅटरीचे दोन गोल दिवे पुढे चिकटवले. जुन्या दप्तराचे पट्टे आतून लावले, म्हणजे बस खांद्यावर अडकवता येते. पाटी त्याने स्वतः लिहिली, 'एडिसन – सांगली, मार्गे मिरज'. मिरजेतला 'र' उलटा. तो आम्ही तसाच ठेवला. रविवारी, २८ ऑक्टोबरला, लाल रंगाचा दुसरा हात दिला आणि बस तळघरात वाळत ठेवली.

सोमवारी रात्री सँडी आलं.

इथे असलेल्यांना ती रात्र आठवतच असेल. वादळ अटलांटिक सिटीजवळ किनाऱ्याला लागलं आणि न्यू जर्सीची वीजच गेली. घरात हीटर बंद, तळघरात दमट गारठा, आणि रंग वाळेना! भिंतीचा उरलेला रंग जाड थापला होता. हात लावला की बोटं लाल. हेअर ड्रायर लावावा तर वीज कुठे होती? टॉर्चच्या उजेडात लेक दर तासाला खाली जाऊन बघून यायचा आणि वर येऊन काही न बोलता बसायचा. मग रेडिओवर ऐकलं, की रस्त्यांवर झाडं आणि तारा पडल्यात म्हणून गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी हॅलोविन पुढे ढकललाय, आता सोमवारी, ५ नोव्हेंबरला. दिवाळी पुढे ढकलल्याचं कधी ऐकलंय का? लेकाला मात्र वाटलं, त्या साहेबांना आपला रंग ओला असल्याचं कळलं.

त्या पाच दिवसांची गोष्ट संपली नाहीये, पण आधी जरा भांडून घेते.

आपण ना, फार विचित्र वागतो. इथल्याच घरांमध्ये गणपतीचं मखर करायला तीन-तीन आठवडे जागतात. पुठ्ठा कापतात, खांब उभे करतात, 'यंदा पर्यावरणपूरक' म्हणून फोटो टाकतात. मला ते मनापासून आवडतं. दिवाळीत किल्ला करायचा तर माती, दगड, पोती, हळीव पेरणं, सगळं पोरांनी करायचं. पुण्यात तयार किल्ले विकायला ठेवलेले बघून ज्यांचा जीव कळवळतो, तीच माझी माणसं मुलाचं सोंग मात्र पिशवीतून आणतात. पातळ चकचकीत कापड, मागे चिकटपट्टी, एक रात्र घातलं की शिवण उसवते. मुलाने त्यात काय केलं? माप सांगितलं, एवढंच.

'हा आपला सण नाही' म्हणणाऱ्यांनाही आजच सांगते. सोंग आपलं नाही? कोकणात शिमग्याला सोंगं निघतात, दशावतार आहे, नाशिक-पालघरकडे बोहाड्यात मुखवटे घालून रात्र जागवतात. मी तर मराठी नाटकाची सुरुवात करणाऱ्या विष्णुदास भाव्यांच्या सांगलीची. माझ्या शाळेच्या गॅदरिंगला ड्रेपरी भाड्याने आणायची ऐपत नव्हती, तेव्हा माझ्या आईने कागदाच्या लगद्याचा मुकुट केला होता आणि त्यावर चहाच्या पुड्यांमधली चांदी चिकटवली होती. इथल्या लोकांचंही काही वेगळं नव्हतं. आयर्लंडमधून आलेले लोक तिकडे सलगम कोरून दिवे करायचे, इथे त्यांना भोपळा मिळाला. पोशाख घरचेच असायचे. खोक्यातले तयार पोशाख घरोघरी पोचले ते १९३०च्या पुढे, ब्रुकलिनच्या बेन कूपरसारख्या कंपन्यांमुळे. म्हणजे विकत आणणं ही काही पूर्वापार रीत नव्हे.

बरं, कबूल. सगळ्यांना वेळ नसतो. दोन-दोन पाळ्या करणाऱ्या आया आहेत, आणि विकतच्या पोशाखावर निदान सहज पेट घेत नसल्याची पट्टी तरी असते. कबूल केलं. पुढे.

वेळ नसतो म्हणून तर म्हणते, आत्ता सुरू करा! सप्टेंबरात दुकानांनी भुतं टांगली की आपण नाकं मुरडतो, पण यंदाचं, २०२६चं, कॅलेंडर बघा. गणपती १४ सप्टेंबरला, दसरा २० ऑक्टोबरला, मध्ये नवरात्र, भोंडला, मंडळाच्या तालमी. हॅलोविन ३१ तारखेला शनिवारी आणि ८ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. चकलीची भाजणी आणि ग्लू गन एकाच ओट्यावर येणार आहेत. २०२४ मध्ये तर ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती, सकाळी उटणं आणि संध्याकाळी तोंडाला रंग. शेवटच्या आठवड्यात कुणाच्याच हातून काही होत नाही. मग रात्री अकराला फोनवर बोट दाबायचं आणि स्पायडरमॅन दारात.

मखर उतरवलं की त्याचा पुठ्ठा टाकू नका. तोच घ्या. फ्रीज-ड्रायरचे मोठे खोके दुकानवाले मागितले तर तसेच देतात. वॉशिंग मशीनला पांढरा कागद आणि सॅलडचं पारदर्शक झाकण पुरतं, आत मोजे (बघा, त्या पोराला सगळं माहीत होतं). पारदर्शक छत्रीला बबल रॅपच्या पट्ट्या आणि बॅटरीची दिव्यांची माळ लावली, की जेलीफिश. जुन्या साडीचे काठ काढून फुलपाखराचे पंख होतात, बाह्यांना शिवून टाकायचे. बाबाचा चौकड्यांचा शर्ट आणि बाहीतून डोकावणारं सुकं गवत, झालं बुजगावणं. आमच्या ओळखीतली एक मुलगी व्हीलचेअर वापरते, तिच्या बाबाने खुर्चीभोवती होडी बांधली होती. तिच्यासाठी कुठल्या पिशवीत काय मिळणार होतं?

फक्त थोडं भान ठेवा. इथे त्या दिवसांत थंडी असते, म्हणून आत जाकीट मावेल एवढं मोठं करा, नाहीतर सगळ्या मेहनतीवर शेवटी जाकीट चढतं. मुखवट्यापेक्षा चेहऱ्यावर रंग बरा, रस्ता ओलांडताना दिसतं. पाठीमागे चमकणारी पट्टी लावा. घोट्याखाली काही लोंबू देऊ नका, पायऱ्यांवर भोपळ्यात मेणबत्त्या असतात. आणि खोक्यात मुलाला बसता येतं का, दारातून जाता येतं का, हे रंगवायच्या आधी बघा. रंग पातळ द्या आणि दोन आठवडे आधी द्या. जोॲनची कापडाची आणि हस्तकलेच्या सामानाची दुकानं २०२५ मध्ये बंद झाली, कापड बोटांत धरून बघायची जागा गेली याचं मला अजून वाईट वाटतं. पण पुठ्ठा आहे ना. पुठ्ठा सगळीकडे आहे.

तर ते पाच दिवस. वीज नव्हती, शाळा नव्हती. शनिवारपासून पेट्रोलला सम-विषम नंबरप्लेटचा नियम लागला, नवरा लाल कॅन घेऊन रांगेत उभा राहायचा. टीव्ही नाही, काही नाही. रिकाम्या वेळात लेकाने तिकिटं केली. रंगीत कागदाचे छोटे तुकडे, त्यावर आकडे. आजोबांनी त्याला स्टँडवरच्या जुन्या काळच्या गोष्टी सांगितल्या होत्या, कंडक्टर तिकिटाला चिमट्याने भोक पाडायचे वगैरे, म्हणून माझ्या ऑफिसच्या बॅगेतला पंच घेतला. सोमवारी बस निघाली. रंग वाळला होता! आतून मी दोरीला घंटी बांधून दिली होती. प्रत्येक दारात टिंग टिंग, मग गोळी घ्यायची आणि बदल्यात एक तिकीट फाडून द्यायचं.

लोक हसले का? हसले की. "फायर ट्रक का?" असं निम्म्या लोकांनी विचारलं आणि त्याने निम्म्या लोकांना उभं करून एसटी समजावून सांगितली. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या बाईंकडे अजून वीज नव्हती, गोळ्याही नव्हत्या. त्यांनी बिस्किटांचा पुडा दिला, तिकीट दिव्याजवळ धरून वाचलं आणि विचारलं, "परतीचं मिळेल का?" माझ्या लेकाने दुसरं तिकीट फाडलं, पंच केलं आणि सांगितलं, "गाडी उद्या सुटेल."

मला हे लिहिताना रडू येतंय. असो.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण ती लपवली तर खोटं होईल. पुढच्या वर्षी लेक म्हणाला, "मला सगळ्यांसारखा विकतचा हवा." शाळेत कुणीतरी त्या बसवरून चिडवलं होतं. मी आणून दिला. बरोबरच केलं, मुलाला हवं ते द्यायचं म्हणजे तेही द्यायचं. पण तो कसला पोशाख होता, हे आज मला आठवत नाही, त्यालाही नाही. संध्याकाळी त्याला फोन करून मुद्दाम विचारलं. वीस वर्षांचा घोडा, होस्टेलवर. विचार करून म्हणाला, "काळा होता का काहीतरी?" मग म्हणाला, "आई, बसची पाटी आहे ना अजून?" आहे. 'र' उलटा असलेली.

आणि मघाशी मी त्या आईवर एवढी चिडले, पण आता तिचा चेहरा डोळ्यांसमोर येतोय. हॉस्पिटलचा निळा गणवेश अंगावर होता तिच्या. शनिवारी दुपारी कामावरून थेट आली असणार. कार्टमध्ये दूध, डायपर. तिला खोका शोधायला कुठला वेळ? 'लोक हसतील' हे तिने कुणाकडून ऐकलं असेल, ते मला चांगलं माहीत आहे. तरी ते बोलायला नको होतं बाई. तेवढं एक सोडून बाकी सगळं समजलं मला.

तू एडिसनच्या मराठी ग्रुपांत कुठेतरी असशील, किंवा तुझी कुणी मैत्रीण हे वाचत असेल. माझ्याकडे गॅरेजमध्ये ड्रायरचा खोका आहे, दोन्ही बाजू धड, कोपरा मोडलेला नाही. पांढरा रंग अर्धा डबा उरलाय. सॅलडच्या मोठ्या भांड्याचं झाकण मी घरी आल्याबरोबर धुऊन ठेवलंय. त्याला घेऊन ये, किंवा नुसतं सोडून जा दोन तास आणि झोप घे. गणपतीत नको, घरात पाहुणे आहेत. विसर्जनानंतरचा कुठलाही रविवार चालेल. मोजे त्याने त्याचे आणायचे.