भाऊंना फोन लावा, बोट मोठी होते

सुट्टीत कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात बोटिंगला तापोळा, बामणोली किंवा मुनावळ्याला जाणार असाल, तर एका धोक्याची आधीच कल्पना देऊन ठेवतो. हल्ली बोटीच्या धक्क्यावर कधीकधी नारिंगी टी-शर्टातली स्वयंसेवक पोरं उभी असतात. गळ्यात शिट्टी, हातात दोरीची पिशवी. आठवडाभर आपापली नोकरी करतात आणि रविवारी फुकटात तुमच्या सहलीचा विचका करायला येतात. फुकटात, हे महत्त्वाचं. यांना पगार नाही, म्हणजे यांच्या साहेबाला फोन लावायचीही सोय नाही.

पोरगं पहिल्यांदा म्हणेल, "काका, जॅकेट घालून घ्या." इथं तुमचा अपमान झालाच पाहिजे. "बाळ, आम्ही कृष्णाकाठची माणसं" अशी सुरुवात करा आणि पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून विहिरीत पोहायला कसे शिकलात, ते सविस्तर सांगा. त्यानंतरच्या तीस वर्षांत पाण्याशी संबंध फक्त बादलीपुरता आला, हे सांगायचं कारण नाही. विहिरीला चार हातांवर कड होती आणि वर आजोबा उभे होते, शिवसागरात 105.25 टीएमसी पाणी मावतं आणि कड दिसते ती पलीकडच्या डोंगराची. पण असल्या बारीकसारीक फरकात जाऊ नका.

फारच हटून बसला तर जॅकेट घ्या, फक्त अंगात घालू नका. फळीवर टाकून वर बसा. रोज असं दबून दबून आतला फोम चपटा होतो आणि त्याची तरंगायची ताकद जाते, पण ती पुढच्या पाव्हण्यांची अडचण. घालावंच लागलं तर बक्कल उघडं ठेवा, नाहीतर फोटोत पोट दिसतं. बक्कल न लावलेलं जॅकेट पाण्यात पडल्याबरोबर काखेतून वर सरकतं, डोक्यावरून निघतं आणि एकटंच ऐटीत तरंगत राहतं. बोटवाल्याचं नुकसान होत नाही, हे एक बरं.

लेकरांसाठी मोठ्यांचंच जॅकेट मागा. कपडे कसे आपण वाढत्या अंगाचे घेतो, तसंच. पोरं सांगत बसतील की जॅकेटचं माप वजनावरून ठरतं, खांद्याला धरून उचललं तर ते कानापर्यंत येता कामा नये, लहान मुलाला पायांमधून जाणारा पट्टा हवा. वहिनी कान देऊन ऐकायला लागल्या, तर त्यांना लगेच कणसं आणायला पाठवा.

आता मुख्य विषय, माणसं किती बसवायची. भाडं माणशी नसून अख्ख्या बोटीचं असेल, तर हे गणित तुम्हाला शिकवायला नको. बोटीवर रंगानं 'क्षमता 10' लिहिलेलं असतं आणि तुम्ही असता चौदा. त्यात मांडीवरची मुलं धरायची नसतात, आत्याबाई कडेला बसणार असतात, आणि पक्याचं काय, तो उभाच राहतो. नारिंगी टी-शर्ट म्हणेल, दोन बोटी करा. मग तुम्ही तो प्रश्न विचारा, जो सातारा जिल्ह्यात प्रत्येक अडचणीवर विचारला जातो: "मी कोण आहे माहितीये का?" त्याला माहीत नसणारच. तेव्हा भाऊंना फोन लावा. भाऊ कुठले आणि कशाचे, याला महत्त्व नाही. त्यांनी स्पीकरवर एकदा "जाऊ दे रे त्यांना" म्हटलं, की बोटीची क्षमता चारनं वाढते. लाकूड तेच, इंजिन तेच, पण बोट मोठी होते. बोटीचा काठ पाण्यापासून वीतभर राहिला असेल, तर ती सोयच समजा. बसल्या जागी हात ओले करता येतात.

(एक खरं सांगतो आणि पुढं जातो. शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला 8 ऑगस्ट 2019 रोजी क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेतलेली बोट उलटली. ती माणसं महापुरातून बाहेर पडत होती, थांबायला त्यांच्याकडे जागा नव्हती. तुमच्याकडे धक्क्यावर वडापावची गाडी आहे, सावली आहे आणि दुसरी बोट वीस मिनिटांत येणार आहे.)

कायद्याचं मनावर घेऊ नका. देशातल्या नद्या-तलावांमधल्या बोटींसाठी संसदेनं 2021 साली नवा कायदा केला, त्याआधीचा 1917 चा होता. जुना अंगवळणी पडायच्या आत बदलला, तर नव्याची घाई कशाला?

बोट मध्यावर आली की सगळ्यांनी एकदम उभं राहायचं. मग एका बाजूला जमायचं, कारण मागं डोंगर त्याच बाजूला चांगला येतो. बसलेल्या माणसांची बोट स्थिर असते आणि उभी माणसं एका अंगाला गेली की तिचा तोल जातो, हे बोटवाल्याला ठाऊक असतं, म्हणून तो ओरडतो. त्याला "काय होत नाही ओ" म्हणा. स्पीडबोट असेल तर चालकाच्या मनगटाला एक लाल दोरी दिसेल. चालक पडला तर तिच्यामुळं इंजिन आपोआप बंद होतं. ती सोडवून दोन मिनिटं बोट चालवायला मागा.

मे महिन्यात आलात तर आणखी मजा. तोवर कोयनेचं बरंचसं पाणी वीज तयार करून पश्चिमेला उतरलेलं असतं, पातळी खाली जाते आणि एरवी खोल असलेले खडक, बुडालेल्या गावांची जोती बोटीच्या तळाशी लगट करू लागतात. अशा जागी कुणी खुणेला रिकामे कॅन बांधून सोडले असतील, तर एक ओढून घ्या, घरी रॉकेल ठेवायला होईल. दुपारी चारला आभाळ भरून आलं आणि पोरांनी शिट्ट्या मारून बोटी परत बोलावल्या, तर मुळीच वळू नका. पैसे एका तासाचे दिलेत. 21 मे 2024 ला उजनीत वादळी वाऱ्यानं बोट उलटली होती, पण उजनी पडलं सोलापूर-पुण्याकडं. आपल्याकडचा वळीव ओळखीचा आहे.

हीच पोरं कधी काठावर प्रात्यक्षिकही करून दाखवतात. पाण्यात पडलेल्याकडं थेट उडी मारायची नाही. आधी काठी पुढं करायची, नाहीतर दोरी फेकायची, दोरी नसेल तर घट्ट झाकण लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन. बुडणारा माणूस बहुतेकदा आरडाओरडा करत नाही, हेही सांगतात. तोंड पाण्यावर-पाण्याखाली होत असतं, श्वास घ्यायलाच सवड नसते, तिथं हाक कुठून मारणार? हात हलवून बोलावताही येत नाही, ते आपोआप दोन्ही बाजूंना पाणी दाबत राहतात. 20 ते 60 सेकंदांत खेळ संपतो, आणि शेजारच्या बोटीला वाटतं, पाव्हणा मजेत डुंबतोय. तुम्ही हे सगळं आडव्या मोबाईलवर शूट करा आणि ग्रुपवर टाका. बघू नका. शेवटी पुढं होऊन म्हणा, "चांगलं काम करताय, मला मानद सल्लागार करून घ्या." दोरी फेकायला सांगितलीच तर खांदा दुखतोय.

एवढं सगळं मनापासून पाळलंत, तर एखाद्या रविवारी पाण्यात पडण्याचा योग येईलच. घाबरू नका, टी-शर्टवाला दोरी फेकेल. दोरी छातीवर आपटली म्हणून त्याला आधी झापा. वर ओढून घेतल्यावर धाप लागलेल्या त्या पोराला पहिला प्रश्न विचारा, "माझा मोबाईल कुठाय?" मग दुसऱ्याच्या फोनवरून भाऊंना कळवा. आणि घरी पोचल्यावर, अंग पुसून, गूगलवर तीन तारे द्या: निसर्ग सुंदर, पार्किंग ठीक, स्टाफ उद्धट.