काका, टॅप करा ना!

बाबांसोबत महिन्याचं सामान आणायला जायचं म्हणजे डोक्याला ताप, आणि तो सामान घेताना नाही हां, तूरडाळ पॉलिशची आहे का यावर एकदा बोलून झालं की ते शांत असतात, खरा खेळ बिलाच्या काउंटरवर सुरू होतो.

बाबांच्या लेखी कार्ड फक्त 'स्वाइप' होतं. बरं, दुकानदार पण अजून "स्वाइप करायचंय का" असंच विचारतात आणि मग कार्ड मशीनच्या खालच्या फटीत खुपसतात, याला काय अर्थ आहे? खरं स्वाइप म्हणजे मागची काळी पट्टी खाचेतून सर्रकन ओढायची, कारण पट्टी सरकली तरच मशीनला ती वाचता येते. ही पट्टी कार्डाला नीट चिकटेना म्हणून १९६० च्या दशकात आयबीएम या कॉम्प्युटर कंपनीचा इंजिनियर फॉरेस्ट पॅरी वैतागला होता, तर घरी बायको इस्त्री करत होती, ती म्हणे इस्त्रीनेच चिकटव की, आणि चिकटली! (आईला हे सांगितलं तर म्हणाली, "आणि नाव कोणाचं झालं? त्याचंच ना?") आपल्याकडे नुसत्या पट्टीची कार्डं २०१८ अखेर बदलून चिपवाली द्या असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं, खाच मागे पडली, शब्द राहिला.

तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, टॅप करा." बाबांनी कार्डाच्या कडेने मशीनवर टकटक केली. मग जरा जोरात. "कोणी आहे का घरात" एवढंच विचारायचं बाकी होतं.

"बाबा, वाजवू नका, नुसतं धरून ठेवा."

"धरून ठेवलं तर ते टॅप कसं?"

आता यावर काय बोलणार, कारण मुद्दा बरोबर आहे! कार्डाच्या पोटात तारेचं वेटोळं असतं, मशीनच्या लहरींवरच त्याला वीज मिळते आणि चिप जागी होते, त्यामुळे टेकवायची पण गरज नाही, दोनतीन सेंटिमीटरवर क्षणभर स्थिर धरलं की झालं. म्हंजे ठोकायचं नाही, घासायचं नाही, हलवायचं पण नाही, आणि नाव काय तर टॅप.

शेवटी धरलं, तरी होईना. नवीन कार्डावर ही सोय मुळात बंदच असते, आपण अ‍ॅपमध्ये जाऊन चालू करायची असते. मी अ‍ॅप उघडतोय, ओटीपीची वाट बघतोय, मागे रांगेत एका बाईंचं आइस्क्रीम वितळतंय आणि त्या ते मला दिसेल असं धरून उभ्या आहेत. एकदाची सोय चालू झाली, बाबांनी श्वास रोखून कार्ड धरलं, मशीन टुंग वाजलं, आणि बिल ५,००० च्या वर असल्यामुळे त्याने पिन मागितला.

बाबांनी सगळ्यांना पाठ करून उभं राहायला सांगितलं, आइस्क्रीमवाल्या बाईंना पण, मशीनवर हाताचा आडोसा केला आणि एकेक आकडा मोठ्याने म्हणत पिन टाकला.