सगळ्या रांगांत ‘एफएफ’ टाकू नका

माझा भाचा अंबाजोगाईत केबल-इंटरनेट चालवतो. परवा संध्याकाळी ऐन गर्दीच्या वेळी त्याचा फोन आला. "मामा, मेसेजमध्ये होतं तसंच केलं, अन् पिंग वाढला. गिऱ्हाइकांचे फोन थांबंनात." (पिंग म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ.)

हा मेसेज केबलवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. म्हणणं असं: लिनक्स सर्व्हरच्या नेटवर्क कार्डात आलेली पॅकेटं, म्हणजे डेटाचे तुकडे, ज्या रांगांत थांबतात, त्या प्रत्येक रांगेला आरपीएसमध्ये ‘एफएफ’, म्हणजे ‘आठही कोर’, असं लिहा. आरपीएस म्हणजे पॅकेटांचं काम प्रोसेसरच्या कोरांवर वाटायची कर्नेलमधली, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातली, सोय. शिवाय आयआरक्यूबॅलन्स, म्हणजे कार्डाचे इंटरप्ट (‘पॅकेट आलं’ अशा हाका) कोरांवर वाटणारा प्रोग्रॅम, बंद करा. मग प्रत्येक पॅकेट पाळीपाळीने वेगळ्या कोरवर जातं आणि आठ कोर असतील तर एकच डाउनलोड आठपट पळतं. शिवाय कर्नेलवाले ही सोय मुद्दाम बंद ठेवतात म्हणे.

‘पाळीपाळीने’ हे सपशेल खोटं आहे. लातूरच्या मार्केट यार्डात एका शेतकऱ्याची सोयाबीनची चाळीस पोती चार काट्यांवर विखरून टाका, मग बघा पट्टी करताना काय होतं ते. म्हणून एकाचा माल एकाच काट्यावर लावतात. पॅकेटांचंही तसंच. ती मागेपुढे पोचली की घेणारा मागच्याच पॅकेटची पोच पुन्हा पुन्हा पाठवतो. अशा तीन जादा पोच आल्या, की नेहमीच्या टीसीपीत पाठवणारा पॅकेट हरवलं असं धरून ते पुन्हा पाठवतो आणि वेगही कमी करतो. हे टाळायलाच कर्नेल दोन्ही टोकांचे पत्ते आणि पोर्ट यांवरून एक आकडा काढतो आणि त्यावरून कोर ठरवतो. एका कनेक्शनची पॅकेटं एकाच कोरवर. ‘एफएफ’ टाकलं तरी हे बदलत नाही. तेव्हा एका डाउनलोडचे आठ वाटे होतच नाहीत. हजार गिऱ्हाइकांची कनेक्शनं मात्र कोरांवर वाटली जातात, आणि फायदा तेवढाच आहे.

आता भाच्याचा नवा सर्व्हर. आठ कोर, कार्डला आठ रांगा, प्रत्येक रांग एकेका कोरला बांधलेली. वाटप कार्डच करतं, त्याला आरएसएस म्हणतात. कर्नेलसोबत येणाऱ्या ‘स्केलिंग इन द लिनक्स नेटवर्किंग स्टॅक’ या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय की अशा मशीनवर आरपीएस बहुधा अनावश्यक असतं. का? कार्डने एका कोरला दिलेलं काम तो कोर पुन्हा दुसऱ्याकडे ढकलतो, आणि त्यासाठी त्याला इंटरप्ट मारून उठवावं लागतं. आधीच भरलेल्या मशीनवर हा फुकटचा बोजा. आठही रांगांत शून्य लिहायला, म्हणजे आरपीएस बंद करायला लावलं, तेव्हा पिंग जागेवर आला.

आयआरक्यूबॅलन्सचं अर्धं खरं आहे. तुम्ही हाताने बांधलेले इंटरप्ट तो हलवू शकतो. पण हाताने काहीच न बांधता नुसता बंद केला, तर सगळे इंटरप्ट एकाच कोरवर साचून राहू शकतात. ‘मुद्दाम बंद ठेवतात’ म्हणाल, तर आरपीएस सुरुवातीला बंद असतं हे खरं, पण त्यात लपवाछपवी आहे याला काडीचा आधार नाही. आरपीएस 2010 साली 2.6.35 कर्नेलमध्ये आलं, गूगलच्या टॉम हर्बर्टने लिहिलं, आणि सगळं उघड्यावर आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. भाच्याचा जुना सर्व्हर चार कोरांचा, आणि गिऱ्हाइकं पीपीपीओईवर, म्हणजे यूजरनेम-पासवर्डने जोडणी करून प्रत्येक पॅकेटाला वेष्टन घालणाऱ्या पद्धतीवर. बऱ्याच कार्डांना पीपीपीओईच्या वेष्टनाआतला आयपी पत्ता दिसत नाही, म्हणून सगळी पॅकेटं एकाच रांगेत कोंबली जातात. कोरांवरचा भार दाखवणारा ‘टॉप’ उघडून 1 दाबलं तर पहिला कोर ‘एसआय’मध्ये, म्हणजे इंटरप्टनंतरच्या पॅकेटांच्या कामात, शंभर टक्के, बाकीचे तीन रिकामे. कर्नेलच्या ‘सॉफ्टनेट_स्टॅट’ फाइलीत एकेका कोरला एक ओळ असते; तिथे पहिल्या ओळीचा दुसरा रकाना, म्हणजे टाकून दिलेली पॅकेटं, सारखा वाढत होता. कर्नेल ते वेष्टन उघडून आत बघतो, म्हणून इथे आरपीएस खरंच कामाचं आहे.

तिथेही ‘एफएफ’ नाही. इंटरप्ट झेलणाऱ्या कोरला आधीच पुष्कळ काम असतं, त्याला वगळलं. चार कोरांचे आकडे 1, 2, 4, 8; पहिला सोडून उरलेल्या तिघांची बेरीज 14, आणि हेक्स, म्हणजे सोळाच्या, आकडेमोडीत 14 म्हणजे ‘ई’. ते एक अक्षर लिहिलं आणि दुसरा रकाना वाढायचा थांबला.