कमरेतलं इंजेक्शन, खुब्याचं ऑपरेशन आणि सगळीकडं फिरणारा तो मेसेज

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला सात जणांनी पाठवला. पहिल्यांदा आत्यानं, मग सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग जुळे सोलापुरातल्या हास्यक्लबवाल्या काकांनी, आणि परवा तर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तपासणीला आलेल्या एका मावशींनी मोबाईल माझ्यासमोर धरला, म्हणाल्या मॅडम आधी हे वाचा, मग आपण बोलू. मी भूलतज्ज्ञ आहे, सोलापुरात चौदा वर्षं भूल द्यायचंच काम करतेय, त्यातलं निम्मं हाडांच्या ऑपरेशनसाठी. त्या मावशींशी अर्धा तास बोलले, त्यांची भीती खरी होती आणि ती ह्या मेसेजनं घातलेली होती, म्हणून इथं लिहितेय.

मेसेज थोडक्यात असा आहे: "खुब्याचा सांधा बदलणार असाल तर कमरेत इंजेक्शन घेऊ नका, कंबर जन्मभर दुखते. पूर्ण भूलच सेफ. आता पेंग ब्लॉक नावाचं नवीन इंजेक्शन आलंय, एक घेतलं की दुखणं शून्य, पाय मोकळा, गोळ्यांची गरज नाही. डॉक्टर पैसे वाचवायला ते देत नाहीत. मॉर्फिन देतो म्हणाले तर नाही म्हणा, सवय लागते. सर्वांना पाठवा."

एकेक घेते.

"कंबर जन्मभर दुखते"

हे मी रोज ऐकते, आणि सांगणारी बाई खोटं बोलत नसती, तिची कंबर खरंच दुखत असती. पण सुई कुठं जाते ते आधी बघा. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. आम्ही इंजेक्शन देतो ते त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधल्या फटीत. तिथं पाणी असतं आणि त्यात सुट्या नसा तरंगत असतात. सुई २५ ते २७ नंबरची, सलाईनच्या सुईपेक्षा कितीतरी बारीक. हाड कापत नाही, मणका हलवत नाही. टोचल्या जागी दोन-चार दिवस दुखरं राहू शकतं, तेवढं मान्य. पण महिने-वर्षं चालणारी कंबरदुखी कमरेत भूल घेतलेल्यांना इतरांपेक्षा जास्त होते का हे बाळंतिणींमध्ये नीट तपासलंय आणि तसा संबंध सापडलेला नाही.

मग इतक्या बायका तेच का सांगतेत? कारण आपल्याकडं हे इंजेक्शन सगळ्यात जास्त बायकांना मिळतं ते सिझरला. नऊ महिने पोटाचं वजन कमरेवर, मग मूल कडेवर, वाकून झाडलोट, धुणं. आणि आपल्या सोलापुरात तर सूप मांडीवर घेऊन आठ-आठ तास पाठ वाकवून विड्या वळणाऱ्या बायका हजारोंनी आहेत, त्यांची कंबर इंजेक्शन न घेताही दुखते. दुखणं सुरू झालं की माणूस मागं वळून कारण शोधतो आणि आठवतं काय तर ती सुई, कारण तीच एक गोष्ट भीतीनं लक्षात राहिलेली असते.

खुब्याच्या पेशंटचं तर अजून वेगळं. खुबा झिजला म्हणून तीन-चार वर्षं लंगडत चाललेल्या माणसाची कंबर आधीच वाकडी ताण घेऊन थकलेली असते. ऑपरेशननंतर चाल बदलते, पायाची लांबी थोडी बदलू शकते, कमरेचे स्नायू ते नव्यानं शिकतात. त्या काळात दुखलं की दोष सुईला.

खरा धोका सांगायचा तर डोकेदुखीचा सांगा ना. बसलं की डोकं दुखतं, आडवं झालं की थांबतं, ही कमरेतल्या भुलीची खरी तक्रार. बारीक, पेन्सिलच्या टोकासारख्या सुईनं ती शंभरात एकापेक्षा कमी जणांना होते, वय वाढेल तशी अजून कमी, आणि खुबा बदलायला येतात ते बहुतेक साठीच्या पुढचे. झाली तरी तिच्यावर इलाज आहे. ही माहिती मेसेजमध्ये नाही.

"पूर्ण भूलच सेफ"

इथं मला माझ्या बाजूच्या लोकांनाही थोडं थांबवायचंय, कारण आमच्यातले काहीजण उलटं टोक गाठतेत की कमरेतलीच भूल चांगली, पूर्ण भूल म्हणजे धोका. २०२१ मध्ये अमेरिका-कॅनडातला रिगेन नावाचा मोठा अभ्यास आला, खुब्याचं हाड मोडलेले १६०० पेशंट, निम्म्यांना कमरेत, निम्म्यांना पूर्ण भूल. साठ दिवसांत मृत्यू, किंवा वॉकर घेऊनही चालता न येणं, हे दोन्ही धरून कमरेतल्या गटात १८.५ टक्के आणि पूर्ण भुलीच्या गटात १८ टक्के. म्हणजे फरक नाहीच म्हणा. ऑपरेशननंतर म्हातारी माणसं जी भ्रमात जातेत, त्याचंही प्रमाण जवळजवळ सारखं. पण ते पेशंट पडून हाड मोडलेले होते, आणि झिजलेला सांधा ठरवून बदलणं ही वेगळी गोष्ट. ठरवून होणाऱ्या सांधेबदलासाठी २०१९ मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांच्या गटानं सगळे अभ्यास एकत्र बघून कल दिला तो कमरेतल्या भुलीकडं. कल म्हणजे सक्ती नव्हे. हृदयाची झडप फार आकसलीय, रक्त पातळ करायची गोळी वेळेत बंद झाली नाही, पाठीच्या कातडीला इन्फेक्शन आहे, तर मी स्वतः पूर्ण भूल देते आणि निर्धास्तपणे देते.

आणि ह्या वादात मूळ प्रश्न बाजूला पडतो. भूल ऑपरेशनपुरती असते. कमरेतली साधारण दोन-तीन तासांनी उतरते, पूर्ण भूल टेबलावरच उतरते. त्यानंतरचे दोन दिवस दुखणं कसं आवरायचं हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर दोन्हीकडं वेगळं द्यावंच लागतं.

"पेंग ब्लॉक घेतला की दुखणं शून्य, पाय मोकळा"

हा मेसेजमधला सगळ्यात फसवा भाग, कारण तो अर्धा खरा आहे. ब्लॉक म्हणजे नसांपाशी औषध सोडून तेवढा भाग बधिर करणं. पेंग ब्लॉक चांगला आहे, मी देते. २०१८ मध्ये टोरंटोच्या टीमनं पहिल्यांदा मांडला, त्यातले एक डॉक्टर फिलिप पेंग. जांघेत सोनोग्राफीवर बघून, मोठ्या स्नायूच्या दोरीखाली, हाडाला टेकवून साधारण २० मिली औषध सोडायचं. त्यानं सांध्याच्या पुढच्या पिशवीकडं जाणाऱ्या बारीक नसा बधिर होतात.

पण खुब्याला एक नस नसते. आपल्या जुन्या पेठांतल्या वाड्यात जिन्याखाली चार मीटर लावलेले असतेत ना, एक बंद केला तरी बाकीच्या खोल्यांत लाईट चालूच, तसं आहे. सांध्याची पुढची बाजू एका गटाकडं, मागची बाजू दुसऱ्याच नसांकडं ज्या कुल्ल्याकडून येतात, मांडीच्या बाहेरची कातडी तिसऱ्या नसेकडं. पेंग फक्त पुढचा मीटर बंद करतो. आपल्याकडं बरेच सर्जन सांधा मागच्या बाजूनं उघडतात, म्हणजे काप आणि स्नायू दोन्ही मागं-बाजूला, तिथलं दुखणं पेंगनं जात नाही. मग पेशंट म्हणतो, मला तर शून्य सांगितलं होतं.

पाय मोकळा राहण्याचंही तसंच. जुना, जास्त वापरातला फॅशिया इलियाका ब्लॉक जांघेतल्या पडद्याखाली ३०-४० मिली औषध पसरवतो, मांडीचा पुढचा भाग आणि बाहेरची कातडी दोन्ही धरतो, पण गुडघा सरळ ठेवणारा मांडीचा स्नायूही लुळा करतो. २०२१ मध्ये चिलीमधून चाळीस पेशंटांचा छोटा अभ्यास आला, हे दोन ब्लॉक समोरासमोर ठेवून. तीन तासांनी मांडीचा स्नायू कमजोर होता फॅशिया इलियाकाच्या ९० टक्के लोकांत आणि पेंगच्या ४५ टक्के. सहा तासांनी ८५ आणि २५. म्हणजे पेंग नक्कीच बरा, पण चारातल्या एकाचा पाय सहा तासांनंतरही कमजोर होता! असा माणूस मेसेज वाचून एकटा बाथरूमला उठला तर नवा सांधा घेऊन पडेल. आणि दुखण्याच्या आकड्यांत त्या दोन गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

बाकीचे प्रकार पटकन सांगते. एपिड्युरलची नळी, म्हणजे पाठीत ठेवून तिच्यातून औषध देत राहायची बारीक नळी, दुखणं छान आवरते, पण बीपी पडतो, लघवी अडकते, पाय जड राहतात आणि रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या इंजेक्शनच्या वेळा सांभाळून नळी काढावी लागते, म्हणून खुब्याला आता मागं पडली. कमरेतल्या नसांच्या जाळ्याचा खोल ब्लॉक ताकदवान पण जोखमीचा, एवढ्यासाठी मी नाही करत.

आणि एक साधा प्रकार ज्याचं नाव मेसेजमध्ये नाही कारण त्याला नवीन म्हणता येत नाही. सर्जन टाके घालायच्या आधी स्वतःच सांध्याभोवती थराथरात बधिर करायचं औषध सोडतो, बरोबर थोडं अॅड्रिनॅलिन आणि सुजेवरचं औषध. सिडनीच्या केर आणि कोहान यांनी २००८ मध्ये ही पद्धत व्यवस्थित मांडली. मशीन लागत नाही, पाय लुळा पडत नाही. खुबा बदलण्यासाठी २०२१ साली प्रॉस्पेक्ट नावाच्या, ऑपरेशननंतरच्या दुखण्यावर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाच्या ज्या शिफारशी आल्या त्यात एकदाच द्यायचा फॅशिया इलियाका ब्लॉक किंवा ही सांध्याभोवतीची इंजेक्शनं, दोन्हींतलं एक, असंच आहे. एपिड्युरल आणि खोल ब्लॉक तिथं नको म्हटलेत. फक्त भूलतज्ज्ञ आणि सर्जन दोघांनी मिळून औषधाची बेरीज करायला हवी. रोपिव्हाकेन हे बधिर करायचं औषध वजनाच्या किलोमागं जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या आजींना सगळं मिळून १५०. ब्लॉकचं वेगळं आणि सांध्याचं वेगळं असं धरून चालत नाही, जास्त झालं तर झटके येतात, हृदयावर येतं.

"गोळ्यांची गरज नाही"

ह्याचा राग मला सगळ्यात जास्त आहे, कारण हे घरात झालंय. मागच्या वर्षी आत्याचा खुबा बदलला, दुसऱ्या गावी, हॉस्पिटलचं नाव घेत नाही. दुपारी ब्लॉक दिला, संध्याकाळी ती मजेत, फोनवर म्हणाली अगं पोरी काहीच दुखत नाही. रात्रीची गोळी आली तर म्हणाली दुखतच नाही तर कशाला, आणि ड्युटीवरच्यांनीही आग्रह केला नाही, गोळी तशीच ट्रेमध्ये परत गेली. पहाटे अडीचला ब्लॉक उतरला. तिच्या शब्दांत, कुणीतरी मांडीत सळई घातली. मग धावपळ, इंजेक्शन, उलट्या, आणि सकाळी फिजिओ आला तेव्हा ती वॉकरला हात लावायला तयार नव्हती. एक दिवस गेला.

एकदाच दिलेला ब्लॉक आठ-दहा तास ते जास्तीत जास्त दिवसभर टिकतो. उतरायच्या आधी रक्तात गोळी असली पाहिजे. पॅरासिटामॉल घड्याळ लावून, किडनी आणि पोट ठीक असेल तर सुजेवरची गोळी, ऑपरेशनच्या वेळी डेक्सामेथासोन ह्या स्टिरॉइडचा एक डोस (शुगर असेल तर त्यावर लक्ष ठेवून). ह्या साध्या गोष्टी पाया आहेत, ब्लॉक त्यावरचा मजला.

"पैसे वाचवायला देत नाहीत"

पेंगला सोनोग्राफी मशीन लागतं, आणि आपल्याकडं गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यानं प्रत्येक मशीनची नोंद जागेसकट असते. कायदा गरजेचाच आहे. पण आमच्यातले बरेचजण होटगी रोडपासून अशोक चौकापर्यंत दिवसात तीन-चार हॉस्पिटलं फिरतेत, मशीन बॅगेत घालून नेता येत नाही. जिथं ऑपरेशन थिएटरात मशीन नाही तिथं सर्जननं सांध्याभोवती नीट इंजेक्शनं दिली तर पेशंटचं अजिबात अडत नाही.

"मॉर्फिनची सवय लागते"

कमरेतल्या औषधात मिसळतो ते ०.१ मिलिग्रॅम, एकदाच. शिरेतून किंवा दंडात देतात त्याच्या कितीतरी पट कमी. एवढ्यानं व्यसन लागत नाही. खाज येऊ शकते, मळमळ, लघवी अडकणं, आणि क्वचित काही तासांनी श्वास मंदावू शकतो, म्हणून रात्रभर श्वास आणि ऑक्सिजन बघणारं माणूस पाहिजे. तशी सोय नसेल तर मी घालत नाही, आणि तसं तोंडावर सांगते.

त्या मावशींनी शेवटी कमरेतली भूल घेतली, सर्जननं सांध्याभोवती इंजेक्शनं दिली, पेंग दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेले तेव्हा वॉकर धरून दारापर्यंत आल्या होत्या. दुखतंय का विचारलं तर म्हणाल्या दुखतंय की, पण चालवतंय. तुमच्या घरात कुणाचं ऑपरेशन असेल तर तपासणीला येताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा, रक्त पातळ करायची असेल तर ती आधी दाखवा, स्वतःच्या मनानं बंद करू नका, आणि भूलतज्ज्ञाला एवढं विचारा की ब्लॉक किती वाजता उतरेल आणि त्याआधीची गोळी कोण देणार आहे.