थंड तवा आणि पऱ्हाटीचा जाळ

यंदा मृग बहराच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेल्या, संत्र्याला व्यापाऱ्याने जो भाव सांगितला, तो ऐकून हा माल घरीच खाऊन संपवावा अशा वैतागाने मी मोबाइलवर पाककृती पाहत बसलो होतो. त्या नादात संत्र्याच्या सॉसमधल्या बदकाशी, म्हणजे फ्रेंचांच्या ‘कानार आ लोरांज’शी माझी गाठ पडली. वरुडजवळ आमची बाग असल्याने संत्र्यांचा प्रश्न नव्हता. बदकांची सोय साळ्याने केली. तो भंडाऱ्याकडचा, धानाच्या आणि तलावांच्या मुलखातला. येताना त्याने टोपल्यात खाकी कॅम्पबेल जातीचे दोन नर आणले. ही जात अंड्यांसाठी पाळतात आणि तिच्या अंगावर चरबी बेताचीच असते, हे मला नंतर समजले. पाककृतीतले बदक पेकिन जातीचे, कातडीखाली चरबीचा जाड थर बाळगणारे होते. आमची बदके पायी पंढरपूर करून आल्यासारखी दिसत होती.

छातीच्या कातडीवर शंकरपाळ्यांसारख्या चिरा द्यायच्या, पण खालच्या मांसाला धक्का लावायचा नाही, ही पहिली अट मी सहज पार पाडली. जंबेरी या आंबट लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरताना, म्हणजे कलम करताना, साल चिरून लाकूड जपण्याचे कसब आमच्या हातात असतेच, आणि चाकूही मी तोच घेतला होता. (तो आधी धुतला होता काय, असे बायकोने तीनदा विचारले.)

खरा घोळ तव्यापाशी झाला. आमच्या घरात गॅसवर मांस शिजत नाही, हा मायचा नियम असल्यामुळे मला अंगणातली चूल मिळाली. मांस थंड तव्यावर कातडीची बाजू खाली करून ठेवायचे आणि मग मंद आचेवर चरबी हळूहळू वितळू द्यायची, म्हणजे कातडी कुरकुरीत होते, असे पाककृतीत सांगितले होते. मी बिडाचा तवा मांडून त्यावर बदकाची छाती ठेवली, तेव्हा माय ओट्यावरून उठून आली.

“काऊन बापा, इस्तो पेटवाच्या आंधीच मटन ठेवलं?”

मी चरबीचे शास्त्र सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि चुलीत पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, सारल्या. पऱ्हाटीला मंद आच ठाऊकच नाही; ती एकदम भडकते, पाच मिनिटे मिरवते आणि राख होते. मी अर्ध्या पऱ्हाट्या बाहेर ओढायचो, की माय त्या पुन्हा आत सारायची. एवढ्या झटापटीत कातडी एका बाजूला कोळशासारखी आणि दुसऱ्या बाजूला रबरासारखी झाली, आणि वाटीत जेमतेम दोन चमचे चरबी जमली.

आतले मांस गुलाबी राहावे, त्यासाठी मध्यभागी साधारण 55 अंश तापमान हवे. घरातला तापाचा थर्मामीटर 42 वरच संपतो, म्हणून मी बोटाने दाबून अंदाज घेतला. अमेरिकेचे सरकारी खाते मात्र 74 अंश सांगते, आणि कापलेला तुकडा पाहून साळ्याने त्या खात्याचीच बाजू घेतली. “भाऊजी, हे अजून जित्तं हाये,” असे म्हणून त्याने ताट सरकवले.

सॉससाठी साखर तांबूस होईपर्यंत वितळवून तीत व्हिनेगर आणि संत्र्याचा रस घालायचा होता. व्हिनेगर चायनीजच्या गाडीवाल्याकडून आणले. परंतु हा सॉस मुळात कडवट, आंबट संत्र्यांचा. आमचे नागपुरी संत्रे गोड, तेही मृगाचे. रस आटत गेला तशी चव थेट संत्राबर्फीकडे निघाली. शेवटी मी जंबेरीचे एक फळ पिळले आणि त्यामुळे चव जरा शुद्धीवर आली. मुलांनी तो सॉस पोळीला लावून खाल्ला. बदकाचे तुकडे मी एकट्याने चावले, आणि रात्री उशिरापर्यंत चावत होतो.

वाटीतली चरबी फेकू नका, तीत बटाटे उत्तम तळले जातात, असेही त्या पाककृतीत होते. सकाळी वाटी रिकामी दिसली म्हणून मी मायला विचारले. तिने ती चरबी फाटकाच्या बिजागरीला लावली होती. पावसाळ्यापासून कुरकुरणारे फाटक आता आवाज करत नाही. फक्त आमचा कुत्रा दिवसभर तिथेच बसून बिजागरी चाटत असतो.