मेश वायफायमुळे डेटा दुप्पट मोजला जातो? नाही!

मेश म्हणजे घरभर रेंज मिळावी म्हणून वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलेले, एकमेकांशी जोडलेले वायफायचे डबे; त्यातला प्रत्येक डबा म्हणजे एक नोड. ‘मेशचा प्रत्येक नोड तोच डेटा पुन्हा पाठवतो, म्हणून बिलात दुप्पट वापर दिसतो,’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. दोन नोडमधली देवाणघेवाण घरातल्या घरात होते. इंटरनेट कंपनी मोजते ती फक्त बाहेरच्या लाइनवरची ये-जा. नोड बंद करून कोटा वाचत नाही, उलट मागच्या खोलीतली रेंज जाते.

मेश लावल्यावर वापर वाढतो हे मात्र खरं. सिग्नल सुधारला की टीव्ही आपोआप ४केवर जातो. तासाला ३ जीबीऐवजी ७ जीबीपर्यंत. सर्वात जास्त दुर्लक्ष होतं ते क्लाउडवर चोवीस तास रेकॉर्डिंग करणाऱ्या कॅमेऱ्याकडे. २ एमबीपीएसने तो दिवसाला २१.६ जीबी, म्हणजे महिन्याला साधारण ६५० जीबी वर चढवतो. बहुतेक प्लॅनमध्ये अपलोडही कोट्यातच धरतात! कॅमेऱ्याला मेमरी कार्ड घाला आणि हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग, असं सेटिंग ठेवा.

शोध घेताना आधी कंपनीच्या अॅपमधला आकडा बघा, मग मेशच्या अॅपमधली उपकरणवार यादी. दोन्ही जुळत नसतील तर कंपनीच्या मोडेमचं स्वतःचं वायफाय अजून चालू आहे का, ते तपासा. त्याला जोडलेली उपकरणं मेशच्या यादीत येतच नाहीत. मोडेमचं ते वायफाय बंद करा. यादीत अनोळखी नाव दिसलं तर लगेच घाबरू नका. फोनमधला खासगी मॅक पत्ता (वायफायवर फोनची ओळख पटवणारा क्रमांक) बदलला की तोच फोन नवा म्हणून दिसतो. तरीही शंका असेल तर पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण दाबून वायफाय जोडायची सोय) बंद करा.