डब्यांपासून केलेल्या स्पिरिट स्टोव्हबाबत खुलासा

शीतपेयाच्या रिकाम्या ॲल्युमिनियमच्या डब्यांपासून केलेल्या स्पिरिट स्टोव्हची ज्योत दिसेनाशी झाली की इंधन संपले असे समजून लगेच पुन्हा भरावे, आणि स्पिरिटचा धूर होत नसल्याने हा स्टोव्ह बंद तंबूतही चालतो, असा मजकूर सध्या फिरत आहे. हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. पहिला तर जिवावर बेतणारा आहे.

स्पिरिट म्हणजे मिथेनॉल किंवा इथेनॉल ही अल्कोहोले. मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसतच नाही आणि इथेनॉलची फिकट निळी ज्योतही सहज नजरेतून सुटते. अशा पेटत्या स्टोव्हवर बाटली वाकवली, तर वाफ पेट घेते आणि आग धारेवरून थेट बाटलीत शिरू शकते. ज्योत जिथून बाहेर येते त्या डब्याच्या छिद्रांवरची हवा थरथरताना दिसली, तर स्टोव्ह पेटलेला आहे असेच धरावे. ती थांबल्यावरही डबा हाताला पूर्ण गार लागेपर्यंत थांबून मगच, आणि तेही छोट्या मापाने, इंधन ओतावे. अर्धा लिटर पाण्याला साधारण 25 ते 30 मिलिलिटर पुरते, त्यामुळे मोठी बाटली जवळ ठेवण्याचे कारणच नाही.

बंद तंबूतही स्टोव्ह चालतो हा सल्ला चुकीचा, कारण धूर दिसत नसला तरी ज्वलन अपुरे झाल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही.

डबा वितळेल ही त्याच मजकुरातील भीती मात्र बहुतांशी अनाठायी आहे. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते, तर आतले इथेनॉल 78 अंशांना उकळून डब्याला थंड ठेवते.